बोर्ड काढताना, बोर्ड बसवताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कामाबद्दल आहेत: सीआरओ (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं उपकरण), मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर अशी मोजमापाची उपकरणं उघडून आतले बोर्ड काढणं आणि परत बसवणं. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. ही पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मूळ बिघाड दहा रुपयांच्या कपॅसिटरचा असतो, आणि उपकरण कायमचं बंद पडतं ते बोर्ड ओढताना उखडलेल्या ट्रॅकमुळे (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीमुळे) किंवा परत लावताना एक पिन सरकलेल्या कनेक्टरमुळे.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनात ३० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा सीआरओ आहे. पहिला चॅनेल नीट चालतो, पण दुसऱ्या चॅनेलची रेषा वरच्या कडेला चिकटून बसते, पोझिशनचा नॉब फिरवला तरी हलत नाही. सर्व्हिस मॅन्युअल नाही. व्हर्टिकलचा (रेषा वर-खाली हलवणारा) बोर्ड काढून तपासायचा आहे, पण आत हाय व्होल्टेज असतं म्हणून सगळे घाबरवतात. कोणत्या क्रमाने काढावा? (प्रयोगशाळा सहायक, सांगली)

बोर्ड आत्ताच काढू नका. पहिला चॅनेल नीट चालतो, म्हणजे पॉवर सप्लाय, पडद्याची ट्यूब आणि ट्यूबला चालवणारा शेवटचा ॲम्प्लिफायर शाबूत आहेत. बिघाड दुसऱ्या चॅनेलच्या इनपुटपासून चॅनेल बदलणाऱ्या स्विचपर्यंत कुठेतरी आहे. दोन्ही चॅनेलची सर्किट सारखी असतात, तेव्हा चालू चॅनेल हेच तुमचं मॅन्युअल समजा. दोन्ही इनपुट ग्राउंडवर ठेवा, मल्टिमीटरची काळी वायर चासीला (उपकरणाच्या धातूच्या सांगाड्याला) क्लिपने पक्की लावा, एक हात खिशात ठेवा आणि दोन्ही चॅनेलमधल्या जोडीदार ट्रान्झिस्टरवरचे व्होल्टेज शेजारी शेजारी लिहीत जा. आकडे जिथे फुटतात तिथे बिघाड. कॉलेजच्या सीआरओत पहिला संशय इनपुटच्या एफईटीवर (एका नाजूक जातीच्या ट्रान्झिस्टरवर) घ्यावा, कारण प्रोब चुकून २३० व्होल्टला लागणं तिथे नेहमीचंच. एफईटी सॉकेटमध्ये असेल तर बोर्ड न काढताच काम होतं.

तरीही काढायचा झाला तर आधी वीज. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग भिंतीतून काढा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. ट्रान्सफॉर्मरचा जुना सप्लाय असेल तर आतले बरेच मोठे कपॅसिटर कमी व्होल्टचे असतात, पण सीआरओत शंभराहून जास्त व्होल्टचेही असू शकतात. स्विच मोड सप्लाय असेल तर २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. तिथला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जवळजवळ २५ ज्यूल ऊर्जा धरून बसतो, आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करू नका, कपॅसिटरचे पाय जळतात आणि ट्रॅक उडते. २.२ किलोओहमचा १० वॅटचा वायर वाउंड रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना इन्सुलेशन चढवलेल्या वायर लावा आणि दहा सेकंद टेकवा. टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) एका सेकंदाचा आहे, त्यामुळे पाच सेकंदांत दोन-अडीच व्होल्टच उरतात. मग मीटरने मोजा. एका मिनिटाने पुन्हा मोजा, कारण मोठे कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडं व्होल्टेज परत वर आणतात.

ट्यूबचं हाय व्होल्टेज हा वेगळा विषय. साध्या सीआरओत ट्यूबच्या मागच्या सॉकेटवर, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि हीटर या सगळ्यांवर चासीच्या मानाने उणे दीड-दोन हजार व्होल्ट असतात. इंटेन्सिटी आणि फोकसच्या पोटेन्शिओमीटरचा दांडा प्लास्टिकचा असतो तो त्यासाठीच. तो तुटला म्हणून धातूचा दांडा लावला तर नॉबच्या स्क्रूवर दोन हजार व्होल्ट येतील. वेगवान सीआरओत ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली ॲनोडचं टोकही असतं. टेक्ट्रॉनिक्स ४६५ मध्ये इलेक्ट्रॉनला मिळणारं एकूण व्होल्टेज १८ हजारांच्या आसपास आहे. ॲनोडची वायर सोडवावी लागली तर वायरचं टोक चासीला टेकवा आणि ट्यूबवरचं टोकही वेगळं रिकामं करा, कारण ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटर असते. हाय व्होल्टेज प्रोब असेल तर त्याची ग्राउंडची क्लिप चासीला जोडून तोच ॲनोडला लावा, त्यातला हजार मेगओहमचा रेझिस्टर चार्ज अलगद उतरवतो. नसेल तर लांब इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर घ्या. त्याच्या दांड्याला वायर गुंडाळून तिचं दुसरं टोक आधी चासीला जोडा आणि मगच पातं टोपीखाली सरकवा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा.

आता प्रत्यक्ष काढणं. आधी फोटो: वरून, दोन्ही बाजूंनी आणि प्रत्येक कनेक्टरचा जवळून. मग नॉब. नॉबच्या कडेला बारीक ॲलन स्क्रू असतो. अमेरिकन उपकरणांत तो इंची मापाचा असतो आणि त्यात दीड मिलिमीटरची चावी बसल्यासारखी वाटते, पण जोर दिला की खाच गोल होते. स्क्रू सैल झाल्यावरही नॉब निघत नसेल तर पक्कड लावू नका. नॉबमागे जाड दोरा गुंडाळून सरळ ओढा. पॅनेल आणि बोर्ड दोन्हींना पकडणारे बीएनसीचे (वायर लावायच्या गोल सॉकेटचे) आणि पोटेन्शिओमीटरचे नट काढायचे राहतात आणि माणूस बोर्ड हलवत बसतो. बोर्ड वाकत असेल तर कुठेतरी एक स्क्रू शिल्लक आहे असंच समजा आणि शोधा.

कागदावर बोर्डाचा ढोबळ आराखडा काढा आणि प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागी कागदात टोचून ठेवा. स्क्रूची लांबी महत्त्वाची असते. ६ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा गेला तर पलीकडच्या बोर्डाच्या ट्रॅकला किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला जाऊन भिडतो.

बसवताना ॲटेन्युएटरवरचा (इनपुटचा सिग्नल कमी करणाऱ्या भागावरचा) पत्र्याचा डबा सगळ्या स्क्रूंसकट परत लावा. चार स्क्रूंपैकी दोनच लावले तर स्क्वेअर वेव्हच्या कोपऱ्यावर लहर दिसते आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

प्रश्न : फंक्शन जनरेटरचा बोर्ड साफ करून परत लावला. चालू केल्याबरोबर धूर आला आणि एक रेझिस्टर काळा पडला. कनेक्टर सगळे परत लावले होते. काय चुकलं असेल? (दुरुस्ती व्यावसायिक, इचलकरंजी)

कनेक्टर लावले होते, पण बहुधा एक पिन सरकून. चौकोनी पिनांवर बसणारा एका ओळीचा काळा कनेक्टर असेल तर हीच शक्यता सर्वांत मोठी. त्याला ना खाच असते ना कुलूप. दहा पिनांच्या ओळीवर तो एक पिन डावीकडे बसला की ग्राउंडच्या जागी उणे १५ व्होल्ट येतात आणि सिग्नलच्या जागी अधिक १५. वरून पाहिलं तर कनेक्टर अगदी सरळ दिसतो. टॉर्च लावून आडव्या नजरेने पाहा, एका टोकाला उघडी पिन चमकते.

काळा पडलेला रेझिस्टर १० ते ४७ ओहमचा आणि सप्लायच्या वाटेवरचा असेल तर नशीब बरं, त्याने स्वतः जळून बाकीचं वाचवलं असण्याची शक्यता आहे. तो लगेच बदलून चालू करू नका. आधी त्याच्या पुढच्या बाजूचा टँटलम कपॅसिटर तपासा. टँटलमला उलटं व्होल्टेज मिळालं की तो आतून शॉर्ट होतो आणि नवा रेझिस्टरही तसाच जळतो. मग त्याच सप्लायवरचे ऑप ॲम्प.

पुढच्या वेळी कनेक्टर काढण्याआधी कनेक्टर आणि बोर्ड दोन्हींवर मिळून जाईल अशी पेंट मार्करची एक तिरकी रेघ ओढा. रेघ जुळली तरच कनेक्टर जागेवर. दोन शेजारच्या कनेक्टरना दोन वेगळे रंग द्या. पुष्कळ उपकरणांत कनेक्टरच्या एका टोकाला छोटा त्रिकोण असतो, तो पहिल्या पिनेचा. बोर्डावरही तसाच त्रिकोण किंवा १ चा आकडा असतो. रिबन केबलची लाल कड म्हणजे पहिली पिन.

दुसरी सवय मोजणीची. बोर्ड लावल्यानंतर, प्लग लावण्याआधी, प्रत्येक सप्लायचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. बोर्ड काढण्याआधीही हेच आकडे लिहून ठेवलेले असावेत. आधी ८०० ओहम होते आणि आता ४ आहेत, तर चालू करायचा प्रश्नच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला पहिल्यांदा सिरीज बल्बमधून वीज द्या. ४० वॅट घेणाऱ्या उपकरणाला १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. एलईडीचा चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर प्लग काढा. स्विच मोड सप्लायवर मात्र ही युक्ती फसवी ठरते. कमी व्होल्टेजवर सप्लाय सुरू होतो, बंद पडतो, परत सुरू होतो, आणि बिघाड नसताना बल्ब लुकलुकत राहतो. तिथे रेझिस्टन्सची मोजणीच कामाची.

पॉवर ट्रान्झिस्टर चासीला आवळलेले असतील तर मायकाची चकती आणि स्क्रूभोवतीचं प्लास्टिकचं बुश परत गेलंय ना, ते पाहा. ट्रान्झिस्टरचा धातूचा भाग आणि चासी यांच्यात मीटरने मोजून, त्या जागी इन्सुलेशन असायला हवं तिथे ते आहे याची खात्री करा. जुनी पांढरी पेस्ट पुसून नवी लावा, पण पातळ. जाड थराने उष्णता अडते.

प्रश्न : माझ्याकडे एचपी ३४७८ए हा साडेपाच डिजिटचा मल्टिमीटर आहे. बॅटरी संपली की कॅलिब्रेशन (अचूक दाखवण्यासाठी केलेली जुळणी) जातं असं कळलं. आजवर बदललेली नाही. मीटर सध्या व्यवस्थित दाखवतो. बोर्डावरची बॅटरी कशी बदलू? (निवृत्त अभियंता, ठाणे)

तुम्ही वेळेत विचारलंत याचा आनंद वाटला. १९८० च्या दशकातल्या या मीटरमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या छोट्या रॅममध्ये असतात: २५६ जागा, प्रत्येकी ४ बिट. ३ व्होल्टची लिथियम सेल बोर्डावर थेट सोल्डर केलेली आहे. ती क्षणभर जरी सुटली, तरी ते आकडे जातात आणि मीटरला सगळ्या रेंजवर नव्याने कॅलिब्रेट करावं लागतं. त्यासाठी लागणारे स्टँडर्ड, म्हणजे ज्यांच्याशी ताडायचं ती अचूक उपकरणं, घरी नसतात.

म्हणून पहिलं काम सोल्डरिंगचं नाही, वाचनाचं. मागच्या जीपीआयबी (उपकरण संगणकाला जोडायच्या) पोर्टवरून रॅममधला प्रत्येक आकडा संगणकावर वाचता येतो. यूएसबी ते जीपीआयबी ॲडाप्टर लागतो. स्वतःचा नसेल तर एका दिवसापुरता कुणाकडून तरी घ्या. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइल जुळतात का ते पाहा. पुढच्या पॅनेलवरचा कॅल एनेबलचा खाचेचा स्क्रू या सगळ्यात अजिबात फिरवू नका.

आता सेल. मीटरचा प्लग काढलेला, इनपुटच्या वायर काढलेल्या. सध्याच्या सेलचं व्होल्टेज मोजून ठेवा. दोन एए अल्कलाइन सेल सिरीजमध्ये लावा, म्हणजे ३.१ व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि अधिक टोकाच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका. ही जोडी जुन्या सेलला समांतर लावायची. अधिक टोक अधिकला, उणे उणेला. रॅम घेते ते मायक्रोॲम्पियरमध्ये, १० मायक्रोॲम्पियर धरले तरी रेझिस्टरवर फक्त १० मिलिव्होल्ट पडतात. जुनी सेल २.६ व्होल्टवर उतरलेली असेल तर तिच्यात जाणारा प्रवाह अर्धा मिलिॲम्पियर, काही मिनिटांसाठी तो चालतो. रेझिस्टर नसेल तर तो कितीतरी वाढेल, आणि या सेल चार्ज करण्यासाठी नसतात.

या वायर क्लिपने नका लावू, सोल्डर करा, आणि सेलच्या पायांना नाही तर त्याच ट्रॅकवरच्या शेजारच्या टोकाला. सेल उपसताना क्लिप निसटली की सगळं संपलं. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापवा आणि टेकवण्याआधी त्याचा प्लग काढा. अर्थिंगवाल्या आयर्नचं टोक आणि अर्थला लागलेली चासी यांच्यातून सेल शॉर्ट व्हायला एक क्षण पुरतो. जुनी सेल काढा, भोकं साफ करा, पायांसाठी धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली नवी सेल बसवा. कथलाच्या वायरचा तुकडा दोन्ही पायांवर आडवा पडणार नाही याकडे लक्ष ठेवा. नवी सेल थेट तापवून सोल्डर करायची नाही. लिथियम सेल तापली तर फुटू शकते. होल्डर लावलात तर पुढच्या वेळी निम्मं काम वाचेल. शेवटी तात्पुरती जोडी काढा, मीटर चालू करा, रॅम पुन्हा वाचा आणि आधीच्या फाइलशी ताडून पाहा.

प्रश्न : टेक्ट्रॉनिक्स २४६५बी हा सीआरओ जुन्या बाजारातून घेतला, चालू आहे. त्यातही अशीच बॅटरी आहे का? कंट्रोल बोर्ड काढावा का? (हौशी, पुणे)

२४६५बी च्या नंतरच्या आवृत्तीत कंट्रोल बोर्डावर डॅलस कंपनीची डीएस१२२५ जातीची २८ पिनांची, कॅलिब्रेशन जपणारी मेमरी आहे. बॅटरी तिच्या पोटातच, वरून काही दिसत नाही. डेटा टिकण्याची हमी दहा वर्षांची. चिपवरच्या तारखेचे चार आकडे पाहा, पहिले दोन साल आणि नंतरचे दोन आठवडा. ते साल पाहिलं की ती केव्हाच मुदतीबाहेर गेली आहे हे लक्षात येईल.

तेव्हा हो, हा बोर्ड काढावा, आणि दोन कारणांसाठी. दुसरं कारण म्हणजे याच बोर्डावरचे बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. वयोमानाने ते खालून पाझरतात आणि आजूबाजूच्या ट्रॅक खातात. आयर्न टेकवल्यावर मासळीसारखा वास आला तर पाझरले आहेत यात शंका नाही. ते पिळून उपटू नका, खाल्लेला पॅड बरोबर येतो. दोन्ही पायांना एकाच वेळी उष्णता द्या आणि उचला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश. काळवंडलेल्या प्रत्येक ट्रॅकची दोन्ही टोकं मीटरने तपासा.

मेमरी काढताना प्रत्येक पिनचं कथील सक्शन पंपाने पूर्ण शोषा. पिन भोकात मोकळी हलते का ते चिमट्याने पाहा, २८ च्या २८ हलल्याशिवाय चिप वर ओढू नका. एका पिनवर आयर्न दहा सेकंदांच्या वर ठेवायचं नाही, आत सेल आहे. बाहेर आली की लगेच प्रोग्रॅमरवर वाचून फाइल ठेवा. बोर्डावर गोल पिनांचं सॉकेट लावा, नवी मेमरी त्याच फाइलने भरा, आणि बसवताना खाच कोणत्या बाजूला होती ते फोटोत पाहा. बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या मेमरीवरही जुनी तारीख आणि घासलेल्या पिना दिसतात. अशी घेऊ नका.

प्रश्न : हातातल्या डिजिटल मल्टिमीटरचा बोर्ड काढून फ्यूज होल्डर बदलला. परत जोडल्यावर डिस्प्लेतले काही आकडे अर्धवट दिसतात. एलसीडी गेला का? (वायरमन, बीड)

एलसीडी बहुतेक ठीक आहे. बोर्ड आणि काच यांच्यामध्ये गुलाबी किंवा राखाडी रबराची पट्टी असते, तिला झेब्रा म्हणतात, कारण तिच्या कडेला काळे-पांढरे अगदी बारीक पट्टे असतात. काळा पट्टा वीज नेतो, पांढरा अडवतो. बोर्ड उचलताना ही पट्टी सरकते किंवा तिला बोटाचं तेल लागतं आणि तेवढ्या रेषा दिसेनाशा होतात.

चिमट्याने पट्टीची टोकं धरून ती बाहेर काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडावरून तिच्या दोन्ही कडा एकदाच ओढा. घासायचं नाही, काळा थर निघतो. बोर्डावरचे सोनेरी पट्टे आणि काचेची कडही तशीच पुसा. पाच मिनिटं वाळू द्या. पट्टी खाचेत सरळ बसवा, मग बोर्डाचे स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एका बाजूचे आधी पूर्ण आवळले की दुसऱ्या टोकाला दाब कमी पडतो आणि त्याच बाजूचे आकडे पुन्हा पुसट होतात. फार आवळू नका, प्लास्टिकचे खांब तडकतात.

नव्या होल्डरमध्ये फ्यूज मात्र मूळ मापाचा आणि १००० व्होल्टचा मूळ असेल तर १००० व्होल्टचाच. काचेचा साधा फ्यूज तिथे घातला तर मोठ्या फॉल्टला तो हातात फुटतो.

प्रश्न : मे महिन्यात बोर्ड हाताळताना स्टॅटिकची भीती वाटते. मनगटाचा (अर्थला जोडायचा) पट्टा नाही. पर्याय काय? (विद्यार्थी, नागपूर)

भीती योग्य आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट काढतानाच हजारो व्होल्ट तयार होतात, आणि साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. एफईटी आणि सीमॉस चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला मरतात. पावसाळ्यात कोकणात हा त्रास कमी असतो.

पट्टा फार महाग नसतो, तो घ्याच. त्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असावा. तुम्ही चुकून २३० व्होल्टला लागलात तर तो प्रवाह पाव मिलिॲम्पियरच्या आत ठेवतो. म्हणून पट्ट्याऐवजी तांब्याची उघडी वायर हाताला बांधणं हा वेडेपणा आहे. आणि चालू उपकरणात हात घालताना पट्टासुद्धा काढून ठेवायचा. पट्टा येईपर्यंत सुती कपडे घाला, बोर्ड सोडवताना मोकळा हात सतत चासीवर टेकवा. तुमचं आणि बोर्डाचं व्होल्टेज सारखं असलं की झटका लागायला कारणच उरत नाही.

बोर्ड थर्माकोलवर ठेवू नका. काळ्या स्पंजवर किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवणं स्टॅटिकच्या दृष्टीने चांगलं, पण त्या बोर्डावर बॅटरी असेल तर मुळीच नाही: काळा स्पंज वीज नेतो, बॅटरी हळूहळू उतरते आणि फॉइलवर ती तत्क्षणी शॉर्ट होते. वर ठाण्याच्या वाचकांनी जपलेलं कॅलिब्रेशन अशा एका फॉइलच्या तुकड्याने जाऊ शकतं.

प्रश्न : बेंच मल्टिमीटरचा इनपुट बोर्ड काढून परत लावला. तेव्हापासून पावसाळी हवेत रीडिंग थोडं कमी येतं, दुपारी ऊन पडलं की सुधारतं. (शिक्षक, रत्नागिरी)

बोटांचे ठसे. घामातलं मीठ दमट हवेत पाणी ओढतं आणि इनपुटच्या ट्रॅकवरून गळती सुरू होते. खात्री करून घ्यायची तर इनपुटचा रेझिस्टन्स १० गिगओहम किंवा जास्त असतो त्या रेंजवर १० व्होल्ट थेट द्या, आकडा लिहा. मग त्याच १० व्होल्टच्या वाटेत १ मेगओहम टाका. १० गिगओहमच्या इनपुटला रीडिंग फक्त १ मिलिव्होल्टने उतरायला हवं. १० मिलिव्होल्टने उतरलं तर गळतीचा रेझिस्टन्स १ गिगओहमपर्यंत आला आहे.

इनपुटचा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा, वाहून जाऊ द्या, नुसतं पुसलं तर घाण पसरते. रिले, रोटरी स्विच आणि ट्रिमर यांच्यात ते जाऊ देऊ नका. मग ५० अंश सेल्सिअसला चार तास वाळवा. नंतर हातमोजे घालून, बोर्ड फक्त कडांनी धरून बसवा. पांढऱ्या टेफ्लॉनच्या खांबांवर जोडलेली टोकं दिसतील, त्यांना कशानेही स्पर्श नको.

प्रश्न : कार्ड एजचे (बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या कडेचे) सोनेरी पट्टे खोडरबराने घासावेत का?

नाही. खोडरबरात घासणारी पूड असते आणि सोन्याचा थर एक मायक्रॉनच्याही आत असतो. दोन-चार वेळा घासलं की खालचं निकेल उघडं पडतं आणि मग खरा त्रास सुरू होतो. अल्कोहोल आणि कापड पुरे. कार्ड दोन-तीनदा काढघाल केलं तरी बराचसा मळ निघतो. काढताना कोपऱ्यातले प्लास्टिकचे दोन्ही खटके एकाच वेळी उचला, एका बाजूने उचकटलं तर सॉकेटची पाती वाकतात. जुन्या एचपी उपकरणांत हे खटके रंगीत असतात. बोर्डाचा रंग आणि जागेचा रंग जुळला पाहिजे.

प्रश्न : सिग्नल जनरेटरमधला आरएफ (उच्च फ्रीक्वेन्सीचा) मॉड्यूल काढताना तांब्याच्या कडक नळीसारख्या केबल आडव्या येतात. वाकवल्या तर चालतील? (मोबाइल टॉवर तंत्रज्ञ, नाशिक)

वाकवू नका. त्या कोॲक्स केबलच आहेत, बाहेरचं आवरण सलग तांब्याचं असतं. एकदा वाकवून सरळ केली की मधली तार आणि आवरण यांतलं अंतर बदलतं, वरच्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल कमी होतो, आणि पुन्हा वाकवली की तडकते. दोन्ही टोकांचे एसएमए नट सोडवून पूर्ण केबल उचला. नट फिरवताना केबलचं डोकं दुसऱ्या पान्याने स्थिर धरा, म्हणजे मधली पिन गोल फिरून झिजत नाही. बसवताना नट आधी बोटांनी पूर्ण फिरवा. बोटांनी फिरला नाही तर आटे चुकले आहेत. मग ८ मिलिमीटरच्या टॉर्क पान्याने पितळी नटाला ०.५६ न्यूटन मीटर. पान्याने अंदाजाने आवळणारे बहुतेक जण याच्या दुपटीने आवळतात.

प्रश्न : कारखान्यातल्या मीटरवर कॅलिब्रेशनचं सील आहे. आतला डिस्प्ले बोर्ड बदलायचा आहे. सील तोडलं तर प्रमाणपत्र रद्द होतं का? (क्वालिटी विभाग, भोसरी)

सील तुटलं की त्या मीटरवर ऑडिटमध्ये प्रश्न येणारच, तो कोणता बोर्ड होता हे विचारायला कुणी थांबत नाही. सील तोडण्याआधी अर्धा तास मीटर तापू द्या आणि प्रत्येक फंक्शनचे दोन-तीन आकडे तुमच्याकडच्या दुसऱ्या कॅलिब्रेटेड मीटरशी ताडून, तारखेसह लिहा. बोर्ड बदलल्यावर त्याच वेळी, त्याच खोलीत तेच आकडे पुन्हा घ्या. डिस्प्ले बोर्डाने मोजमापात फरक पडायचा नाही, आणि दोन्ही तक्ते ते दाखवतील. तरीही मीटर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवून नवं प्रमाणपत्र घ्या, आणि सोबत दोन्ही तक्ते द्या. ॲडजस्टमेंट करण्याआधीचे आकडे प्रमाणपत्रावर हवेत असं लेखी सांगा. नाहीतर सील तोडल्यानंतर मीटर किती अचूक दाखवत होता याचा पुरावाच राहत नाही. तोवर त्या मीटरवर लाल लेबल लावून तो लाइनवरून बाजूला ठेवा.